टीव्ही घ्यायचा, पण कुणासाठी?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला 'नवीन टीव्ही कसा निवडावा' हा विषय दिला आहे. आरोग्य, योगासने, इच्छापत्र हे विषय मोठ्या लोकांकडे गेले आणि टीव्ही माझ्या वाट्याला आला. त्याला कारणही आहे. गेल्या दिवाळीआधी आम्ही नवा टीव्ही घेतला. त्यासाठी मी महिनाभर वही-पेन्सिल घेऊन दुकानं फिरत होतो, हे बाकड्यावरच्या मंडळींनी सगळ्या सोसायटीभर केलं. मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. झालो आणि बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कर्ज खात्यात. त्यामुळे मी जे सांगणार ते कर्ज खात्यातल्या माणसाच्या पद्धतीनं सांगणार.

आपण २५ वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा घराघरात जाडजूड डबा होता. २९ इंची असेल तर तो उचलायला दोन माणसं लागायची. त्याआधीचाही काळ आपण पाहिलाय. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुण्यात आपण गच्चीवर चढून अँटेना सिंहगडाच्या मनोऱ्याकडे फिरवायचो आणि खालून कुणीतरी ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" १९८२ साली एशियाडच्या वेळी रंग आले. त्या काळात टीव्ही निवडणं सोपं होतं. दोन-तीन कंपन्या, दोन-तीन आकार आणि दुकानदार ओळखीचा. टीव्हीला एक कळ आणि एक गोल बटण. घरातली आजीसुद्धा उठून लावायची.

आज दुकानात भिंतभर चाळीस टीव्ही लावलेले असतात आणि सगळ्यांवर तोच पोपट उडत असतो. विक्रेता मुलगा फोर-के, क्यूएलईडी, ओएलईडी, डॉल्बी, हर्ट्झ असं पंधरा मिनिटं बोलतो. आपण मान डोलावतो. शेवटी विचारतो, "ह्याच्यात चांगला कुठला?" मंडळी, हा प्रश्न चुकीचा आहे. बँकेत माणूस कर्ज मागायला आला की अर्जातला पहिला प्रश्न असायचा, कर्ज कशासाठी हवंय? रक्कम, हप्ता, तारण हे सगळं नंतर. टीव्हीचंही तसंच आहे. आधी विचारा, टीव्ही कुणासाठी घ्यायचाय? दिवसातले जास्तीत जास्त तास त्याच्यासमोर कोण बसणार आहे?

बहुतेक घरांत उत्तर एकच येतं. तरुण मंडळी मोबाईलवर बघतात. टीव्हीसमोर बसतो तो आपल्यासारखा माणूस, आणि दुपारी बऱ्याचदा एकटाच. पण टीव्ही निवडतात मुलं, पैसे देतात मुलं, आणि फिटिंगवाल्याकडून समजावून घेतात तीही मुलंच. त्यांचा हेतू चांगलाच असतो, त्यात शंका नाही.

माझी एक चुलतबहीण आहे, आम्ही तिला अक्का म्हणतो. वय ८१. तिच्या मुलानं मोठ्या हौसेनं ६५ इंची टीव्ही आणला. एकदा दुपारी चारच्या सुमाराला मी सहज तिच्याकडे गेलो. अक्का खुर्चीत बसली होती आणि समोर एवढा थोरला निळा पडदा. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं की सिग्नल नाही. मी विचारलं, "हे काय गं?" तर म्हणाली, "दुपारी कुठलीतरी कळ दाबली गेली. राहू दे. आठ वाजता तो आला की लावेल." म्हणजे एक ते आठ, सात तास. मुलाला ऑफिसात फोन करायचा तिला संकोच वाटतो. सुनेला सारखं विचारायला नको वाटतं. टीव्ही लाखाच्या घरातला, पण ज्या बाईसाठी तो दिवसभर सोबत म्हणून हवा, तिला तो लावता येत नव्हता.

हे पाहिल्यावर मी आमच्या टीव्हीसाठी वहीत विक्रेत्याचे शब्द लिहिले नाहीत. सौ.ला विचारून तिच्या तीन गरजा लिहिल्या. तिची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत आणि डाव्या कानानं कमी ऐकू येतं. पहिली गरज, बातम्यांत खाली धावणारी पट्टी तिच्या नेहमीच्या जागेवरून वाचता आली पाहिजे. दुसरी, संवाद समजले पाहिजेत. तिसरी, मी नसताना तिला टीव्ही एकटीला लावता आणि बंद करता आला पाहिजे. 'मी नसताना' या शब्दांचे दोन अर्थ होतात आणि आमच्या वयाला दोन्ही लागू आहेत. आम्ही त्यावर जास्त बोललो नाही, पण वहीत ते लिहून ठेवलं.

आता एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा आकाराचा. टीव्हीचा इंच म्हणजे रुंदी नव्हे, तर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरपं माप. जुने टीव्ही ४ : ३ प्रमाणाचे, म्हणजे चौकोनी चणीचे होते. आताचे १६ : ९, म्हणजे लांबट आहेत. त्यामुळे एक गंमत होते. जुन्या २९ इंची टीव्हीचा पडदा साधारण १७ इंच उंच होता. आजच्या ३२ इंचीची उंची जेमतेम पावणेसोळा इंच भरते. म्हणून काही जण म्हणतात, "मोठा घेतला तरी माणसं लहान दिसतात." त्यांचं बरोबर आहे. ४३ इंचीची रुंदी साडेसदतीस आणि उंची एकवीस इंच. ५० इंचीची रुंदी साडेत्रेचाळीस आणि उंची साडेचोवीस. ५५ इंचीची रुंदी अठ्ठेचाळीस आणि उंची सत्तावीस. ही झाली नुसत्या पडद्याची मापं, बाहेरची चौकट थोडी वेगळी धरा.

हे आकडे घेऊन जुन्या वर्तमानपत्रांचे कागद जोडायचे, त्या मापाचा चौकोन कापायचा आणि चिकटपट्टीनं भिंतीवर लावायचा. दोन दिवस तसाच ठेवायचा. आम्ही ४३ आणि ५० असे दोन चौकोन लावले होते. मुलगा बंगळूरूहून फोनवर ६५ म्हणत होता. आमच्या हॉलमध्ये सोफ्यापासून भिंत आठ फुटांवर, म्हणजे ९६ इंच. बसण्याचं अंतर इंचात मोजून त्याला दोनानं भागायचं, हा साधा ठोकताळा आहे. आमचं उत्तर आलं ४८. नजर अधू असेल तर थोडं वरच्या बाजूला जायचं. म्हणून आम्ही ५० ठरवला. फार मोठा घेतला तर केबलवरचे साधे चॅनल जवळून पाहताना फिस्कटलेले दिसतात. त्याचं कारण पुढच्या मुद्द्यात येईल.

उंचीबद्दलही बोलतो. फिटिंगवाले टीव्ही वर लावतात, कारण खाली शोकेस असते, आणि वर लावला की दिसायलाही ऐटबाज दिसतो. पण आपण बसल्यावर डोळ्यांची पातळी जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असते. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. मानेचा पट्टा लावणारे आपल्यात किती जण आहेत, ते मी इथून मोजू शकतो. सौ.ला खुर्चीत बसवा, मग पेन्सिलीनं खूण करा आणि मगच ड्रिल चालवू द्या.

दुसरा मुद्दा चित्राचा. पडद्यावर बारीक ठिपके असतात. जितके ठिपके जास्त तितकं चित्र स्पष्ट. आपल्याकडच्या साध्या एसडी चॅनलच्या चित्रात सव्वाचार लाखांच्या आत ठिपके असतात. फुल एचडीत १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. फोर-केमध्ये त्याच्या चौपट, ८२ लाख ९४ हजार ४००. आता हिशेब करा. चार लाख जमा असलेल्या खात्यावर ब्याऐंशी लाखांचा चेक काढला तर काय होईल? फोर-के टीव्ही साधा चॅनल दाखवतो तेव्हा उरलेले ठिपके तो अंदाजानं भरतो. म्हणून घरी केबलचे साधे चॅनलच बघणार असाल तर आधी सेट-टॉप बॉक्स आणि पॅकेज एचडीचं करून घ्या. नाहीतर टीव्हीवर खर्च केलेला पैसा दिसणारच नाही.

आता नावांचा घोळ. एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीचाच पडदा, ज्याच्या मागे एलईडी दिवे लावलेत. क्यूएलईडी त्याच घराण्यातला, रंग अधिक चांगले यावेत म्हणून मधे एक खास थर घातलेला. ओएलईडी मात्र वेगळा. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. तो महागही असतो. ज्यांच्या हॉलमध्ये दुपारी लख्ख उजेड असतो आणि बातम्या, मालिका, क्रिकेट एवढंच बघायचंय, त्यांचं चांगल्या साध्या एलईडीवर भागतं.

दुकानात जाल तेव्हा दोन गोष्टी करा. विक्रेत्याला सांगा, तो पोपट आणि धबधबा बंद कर आणि आमचा रोजचा मराठी बातम्यांचा चॅनल लाव. दुकानातल्या टीव्हीची चमक मुद्दाम चढवलेली असते, ती घरच्यासारखी साध्या सेटिंगवर आणायला लावा. मग घरातलं अंतर पावलांनी मोजून तिथून बघा. ज्यांच्यासाठी टीव्ही आहे त्यांना बरोबर न्या, त्यांच्या रोजच्या चष्म्यासकट. आमच्या सौ.नं आठ फुटांवर उभं राहून खालची पट्टी मोठ्यानं वाचून दाखवली. विक्रेता हसला. पण त्या परीक्षेत एक महागडा टीव्ही नापास झाला, कारण त्याच्या पडद्यात समोरच्या ट्यूबलाईटचं प्रतिबिंब पडत होतं.

तिसरा मुद्दा आवाजाचा, आणि त्याकडे कुणी बघतच नाही. जुन्या डब्यात जागा भरपूर होती, स्पीकर समोरच्या बाजूला असायचा. आताचा टीव्ही इतका पातळ की बहुतेकांत स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. त्यात आपले कान. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. 'स', 'श', 'फ', 'त' अशी व्यंजनं त्याच पट्टीत येतात. म्हणून आपण म्हणतो, "आवाज येतोय, पण बोलतात काय ते कळत नाही." मग आवाज वाढवतो, पार्श्वसंगीत कानठळ्या बसवतं, शेजारी दार वाजवतात आणि संवाद तरीही कळत नाहीत. हा आपला हेकेखोरपणा नाही, कानांचा धर्म आहे. घरच्यांनीही हे समजून घ्यावं.

उपाय आहेत. बऱ्याच टीव्हींत बोलणं स्पष्ट करणारं सेटिंग असतं, ते दुकानातच लावून ऐका. नाहीतर टीव्हीवर पाच-सहा हजार कमी खर्च करा आणि त्या पैशांत साउंडबार घ्या. तो जोडण्यासाठी टीव्हीला 'एआरसी' लिहिलेलं एचडीएमआय आहे ना ते बघा, कारण मग बहुतेक वेळा साउंडबारचा आवाज टीव्हीच्याच रिमोटवरून कमी-जास्त करता येतो. श्रवणयंत्र वापरत असाल तर ते टीव्हीला ब्लूटूथनं जोडता येतं का, हे घेण्याआधी विचारा. सिनेमे-मालिका बघताना खाली येणारी अक्षरं चालू करायला लाजू नका.

चौथा मुद्दा रिमोटचा. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा. आज घरात कमीत कमी दोन रिमोट असतात, एक टीव्हीचा आणि एक सेट-टॉप बॉक्सचा. अक्काच्या घरी झालं ते असं. टीव्हीच्या रिमोटवर एक बटण असतं, ज्यानं टीव्हीनं कुठल्या तारेतून चित्र घ्यायचं ते बदलतं. ते चुकून दाबलं गेलं की पडदा निळा किंवा काळा. टीव्ही बिघडलेला नसतो, तो फक्त दुसऱ्या दाराशी जाऊन उभा असतो. ते कळलं की भीती जाते.

त्यासाठी चार गोष्टी सांगतो. एक, फिटिंगवाला आला की त्याच्याकडून असं सेटिंग करून घ्या की टीव्ही लावला की थेट सेट-टॉप बॉक्सचंच चित्र येईल. बऱ्याच टीव्हींत ही सोय असते. दोन, लावण्या-बंद करण्याच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या, आवाजाच्या बटणावर पांढरा. अंधारातही बोटाला लागतो. तीन, जी बटणं कधीच लागत नाहीत, त्यांच्यावर चिकटपट्टी लावा. रिमोट दिसायला वाईट दिसेल, दिसू दे. चार, पुठ्ठ्यावर मोठ्या मराठी अक्षरांत पाच ओळी लिहा. आधी हे दाबा, मग ते दाबा, पडदा निळा झाला तर हे करा. तो पुठ्ठा टीव्हीशेजारी टांगा. आमच्याकडे टांगलाय. पाहुणे हसतात आणि जाताना त्याचा फोटो काढून नेतात.

अक्काकडेही हेच केलं. तिनं माझ्यासमोर पाच वेळा टीव्ही लावला आणि पाच वेळा बंद केला. सहाव्या वेळी मला म्हणाली, "आता तू जा, माझी मालिका सुरू होतेय."

आता पैशांचं, म्हणजे माझ्या खात्याचं बोलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. मूळ किंमत ४० हजार धरली तर पूर्वी ५१,२०० पडायचे, आता ४७,२०० पडतात. चार हजारांचा फरक आहे. जुनी छापील किंमत दाखवून कुणी हाच फरक 'खास दिवाळी सूट' म्हणून सांगत असेल तर ओळखा.

दुसरं, बिनव्याजी हप्ते. माझी नोकरी व्याज मोजण्यात गेली, म्हणून खात्रीनं सांगतो, बिनव्याजी काही नसतं. समजा, टीव्ही ४८ हजारांचा आणि हप्ते चार हजारांचे बारा. व्याज शून्य दिसतं. आता विचारा, "सगळे पैसे आत्ता दिले तर किती?" तो म्हणाला ४५ हजार, तर टीव्हीची खरी किंमत ४५ आणि वरचे तीन हजार हे व्याज. त्याचा दर काढला तर दरसाल सुमारे १२ टक्के येतो. आपल्या मुदत ठेवीवर एवढं मिळत नाही. त्यात प्रोसेसिंग फी असते आणि व्याजाच्या भागावर जीएसटीही लागतो. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना परिपत्रक काढून बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. हप्ते घेऊच नका असं मी म्हणत नाही. एकदम पैसे काढणं जड जात असेल तर जरूर घ्या. पण किती व्याज देतोय ते माहीत असू द्या.

बाकी बारीकसारीक गोष्टी. पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर आहे ना ते पाहा. टीव्ही घरी आला की खोका आपण फोडायचा नाही, कंपनीच्या माणसासमोरच उघडायचा. वाढीव वॉरंटी विकतील, तर त्यात पडदा धरलाय का ते कागदावर वाचा, कारण सगळ्यात महाग भाग तोच. विजेचा स्टार लेबल बघा. १०० वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला १५ युनिट जळतात. जुना टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका. त्या काचेत शिसं असतं. बदल्यात द्या किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. टीव्हीवर ॲप चालू करताना बँकेच्या कार्डाचा नंबर साठवून ठेवू नका, आणि फोनवर कुणी टीव्ही चालू करून देतो म्हणून ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या.

आमच्या टीव्हीला आता काही महिने झाले. मुलगा आला होता. म्हणाला, "बाबा, अजून मोठा बसला असता." बसला असता, खरंच आहे. पण मी सकाळी फिरायला जातो तेव्हा सौ. स्वतः उठून टीव्ही लावते आणि चहा घेत बातम्या बघते. मी परत आलो की मलाच बातम्या सांगते. वहीतल्या तिन्ही ओळींपुढे मी बरोबरची खूण केली आहे.

शेवटी समितीकडे एक विनंती. रौप्यमहोत्सवाचं वर्ष आहे. रोषणाई होईल, स्नेहभोजन होईल, ते व्हायलाच हवं. त्याबरोबर एका रविवारी आपल्या तिन्ही विंगमधल्या तरुण मुलामुलींनी दोन-दोनच्या जोड्या करून एकट्या राहणाऱ्या किंवा दुपारी एकट्या असणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी जावं. खर्च म्हणाल तर एक नेलपॉलिशची बाटली, एक चिकटपट्टी, चार पुठ्ठे आणि अर्धा तास. टीव्ही लावून देऊन निघू नये. आजी-आजोबांनी स्वतः तीन वेळा लावून दाखवेपर्यंत थांबावं. पुठ्ठ्यांवरची अक्षरं मी काढून देतो, माझं अक्षर अजून बरं आहे.